नायक गोब्लिन, शत्रू सामुराई: गेमचं गणित कुठून मांडायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तिघांची टीम टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजी आरपीजी करते आहे, म्हणजे पटावर आळीपाळीने (टर्नने) चाली करायचा आणि पात्रं वाढवत न्यायचा व्हिडिओ गेम. नायक म्हणजे गोब्लिनांची, पाश्चात्य कथांतल्या बुटक्या भुतांची, एक टोळी, आणि जग सरंजामी जपानसारखं, पण जादूचं. टोळीत एक ढालवाला, एक तिरंदाज, एक वैदू आणि एक मांत्रिक आहे. प्रोटोटाइप चालतो, पण जो खेळतो तो म्हणतो, "हे तर हिरवे सामुराई आहेत." नेमकं कुठे बिनसलंय, जपानमधून काय घ्यावं आणि गोब्लिन दिसावेत कसे, असं विचारलं आहे. संवाद मराठीत असणार आहेत.

बिनसलंय ते स्टॅट्सच्या, म्हणजे पात्रांची ताकद मोजणाऱ्या आकड्यांच्या, तक्त्यात. चित्रकाराला बोल लावू नका. ढालवाला, तिरंदाज, वैदू, मांत्रिक ही शिस्तीच्या फौजेची विभागणी आहे आणि तुमच्या सामुराईंच्या बाजूलाही हीच असणार. दोन्हीकडचे एकाच नियमाने लढतात, एकाच पद्धतीने मरतात, मग कातडीचा रंग काहीही असो. गोब्लिन नायक हवा असेल तर तो आमनेसामने हरलाच पाहिजे, दर वेळी, पहिल्या लेव्हललाही आणि तिसाव्या लेव्हललाही. त्याने जिंकायचं ते दुसऱ्या कुठल्यातरी वाटेने. ती वाट म्हणजे तुमचा गेम.

आकडे मांडून बघा. समजा सामुराईला 20 हिट पॉइंट (जीव मोजणारे गुण, शून्यावर आले की तो संपला), त्याचा वार 90 टक्के वेळा लागतो आणि एका वारात गोब्लिन संपतो. गोब्लिनचा वार 30 टक्के वेळा लागतो आणि 2 पॉइंट घेतो. तीन गोब्लिन एकदम तुटून पडले तर टर्नला सरासरी 1.8 पॉइंट जातात. सामुराई पडायला अकरा-बारा टर्न लागणार आणि तुमचे तिघे चौथ्या टर्नपर्यंत आडवे. बहुतेक टीम इथे घाबरतात आणि गोब्लिनचे आकडे वाढवतात, तिथेच हिरवा सामुराई जन्माला येतो. आकड्यांना हात लावू नका, क्रिया बदला. गोब्लिनला मारण्याऐवजी पाडता येऊ दे, कंबरेची तलवार खेचता येऊ दे, घोड्याच्या पायात दोर घालता येऊ दे. पटावर शेजारच्या घरात (चौकोनात) असलेल्या प्रत्येक जोडीदारामागे 15 टक्के वाढ द्या. तिघांनी घेरलं की प्रत्येकाचे 60 टक्के होतात आणि तिघांपैकी निदान एकाला जमण्याची शक्यता जवळपास 94 टक्क्यांवर जाते. चिलखतासकट चिखलात पडलेला माणूस एक टर्न उठत नाही. त्या एका टर्नमध्ये काय करायचं, हा खेळाडूपुढचा खरा प्रश्न. मारायचं, लुटायचं की पळायचं?

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर एक सावधगिरी. फायर एम्ब्लेम या गेम-मालिकेत 2002 सालच्या भागापासून एक युक्ती आली: पडद्यावर दिसते ती टक्केवारी खरी नसते, दोन यादृच्छिक आकड्यांची सरासरी काढून वार लागला की नाही ते ठरतं. त्यामुळे 90 दिसतात तिथे प्रत्यक्षात 98 च्या आसपास मिळतात आणि 30 दिसतात तिथे जेमतेम 18. खेळाडूला न्याय झाल्यासारखं वाटतं, कारण तिथे बलवान बाजू सहसा त्याचीच असते. तुमच्याकडे उलट आहे. ही युक्ती जशीच्या तशी उचललीत तर तीन गोब्लिनांपैकी एकाचा तरी वार लागण्याची शक्यता 66 वरून 45 टक्क्यांवर येईल आणि खेळाडूला कारण न कळता गेम दुष्ट वाटू लागेल. साधा एकच फासा ठेवा. त्यापेक्षा 2018 च्या इन्टू द ब्रीच या गेमसारखं शत्रू पुढच्या टर्नला काय करणार ते आधीच पटावर दाखवा. दुबळ्याला जगायचं तर समोरच्याचा इरादा वाचता आला पाहिजे. रात्रीच्या मॅपवर झाडावर बसलेला गोब्लिन असेल तेवढ्याच भागातले इरादे दिसावेत, म्हणजे टेहळणीलाही किंमत येते.

आता जपान. चेरीची फुलं, तोरी कमानी आणि कताना तलवारी यांनी जग जपानी होत नाही, पोस्टर होतं. सोळाव्या शतकातला जपान कशावर उभा होता? भातावर. जमिनीची किंमत कोकूत मोजायची. एक कोकू म्हणजे सुमारे 180 लिटर, वजनात साधारण 150 किलो तांदूळ, एका माणसाची ढोबळमानाने वर्षाची बेगमी. कुठला सरदार किती मोठा, ते त्याच्या मुलखाच्या कोकूंवरून ठरे. तुमचा गोब्लिन या हिशेबाच्या बाहेरचा आहे. त्याचं नाव कुठल्या वहीत नाही, तो सारा देत नाही, पण पोट त्यालाही आहे. म्हणून टोळीचा खर्च सोन्याच्या नाण्यांत ठेवू नका, तांदळात ठेवा. तो दोनच ठिकाणी मिळतो: शेतकऱ्याच्या घरात किंवा सरदाराच्या कोठारात. पहिलं सोपं आहे, पण गाव वैरी होतं. दुसरं अवघड आहे, पण दुसऱ्या दिवशी गावकरी तुमच्याकडे काणाडोळा करतात. एवढ्या एका निवडीतून कथेचं निम्मं काम होईल, संवाद न लिहिता.

याच भातामुळे मॅपही फुकटात बदलतो. लावणीच्या दिवसांत खाचरं पाण्याने भरलेली असतात, घोडा आणि चिलखतवाला दोघेही अर्ध्या चालीने जातात, हलका गोब्लिन बांधावरून पळतो. कापणीच्या तोंडावर पाणी काढून टाकलेलं असतं, जमीन कडक असते आणि घोडदळाला मोकळं रान मिळतं. त्याच वेळी उभ्या पिकात बुटका गोब्लिन दिसत नाही. कापणीनंतर नुसते खुंट राहतात, लपायला काही नाही. कोकणातल्या वाचकाला यातलं काहीच सांगावं लागणार नाही. एकच गाव तीन ऋतूंत तीनदा आलं तरी तीन वेगळे डाव होतात. तिघांच्या टीमला चित्रांचा खर्च वाचवायचा असेल तर यासारखी सोय नाही.

शत्रूच्या एआयला, म्हणजे त्याच्या चाली ठरवणाऱ्या प्रोग्रॅमला, बुद्धीपेक्षा स्वभाव द्या. सामुराईला बक्षीस मिळे ते शत्रूचं डोकं आणून दाखवल्यावर. लढाईनंतर ही डोकी धुऊन-विंचरून सेनापतीपुढे मांडली जात आणि कोणी कोणाला मारलं याची शहानिशा होई. नाव नसलेल्या पायदळ्याच्या डोक्याला फारशी किंमत नसे, मोठ्या नावाच्या योद्ध्याच्या डोक्यामागे जमीन मिळे. हे नियमात आणा. सामुराई नेहमी पटावरच्या सर्वांत प्रतिष्ठित लक्ष्याकडे जाईल आणि ते पाडल्यावर डोकं घ्यायला एक टर्न घालवेल. मग खेळाडूने काय करावं? मेलेल्या सरदाराच्या पाठीवरचा निशाणाचा झेंडा आपल्या सर्वांत चपळ गोब्लिनच्या पाठीला बांधावा आणि त्याला बांबूच्या बनाकडे पळवावं. शत्रूचा सर्वांत भारी मोहरा त्याच्या मागे जातो, इकडे कोठार मोकळं. आमच्याकडच्या कागदी चाचण्यांत ही खेळी बसली की लोक खुर्चीतून उठून हसतात. त्यांना कोणी शिकवलेलं नसतं, नियम वाचून त्यांनाच सुचलेलं असतं.

पायदळातल्या आशिगारूंचे भाले लांबलचक असत, चार ते सहा मीटरचे. मोकळ्यावर त्यांची रांग म्हणजे भिंतच, म्हणून समोरची दोन घरं त्यांच्या ताब्यात द्या. बांबूच्या बनात, घराच्या ओसरीत किंवा अरुंद पायवाटेवर तोच भाला अडचण होतो. तिथे त्यांना वळायलाही एक टर्न लागू दे. बंदूक जपानमध्ये 1543 साली तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांबरोबर आली. ती जामगीची: एक बार, मग भरण्यात दोन टर्न, आणि पावसात जामगी विझते. म्हणून हवामानाचा अंदाज हे गोब्लिनांच्या टोळीतलं कौशल्य असलं पाहिजे. अग्निबाण सोडणाऱ्या मांत्रिकापेक्षा पाऊस कधी येणार हे सांगणारी म्हातारी टोळीला जास्त उपयोगाची.

किल्ल्यांच्या मॅपबद्दल मराठी डिझायनरला वेगळं सांगावं लागतं, कारण डोळ्यांपुढे आपोआप सह्याद्री येतो. आपल्या गडांना काळ्या पाषाणाचे उभे कडे निसर्गानेच दिले. जपानी डोंगरी किल्ला, म्हणजे यामाजिरो, बराच काळ मातीत कोरलेला असे. डोंगराची सोंड आडवी कापून खंदक, उतारावर उभे चर, म्हणजे चढणाऱ्यांना बाजूला सरकता येऊ नये, वर सपाट केलेले टप्पे आणि लाकडी कुंपण. मोठ्या दगडी तटांचे आणि उंच मनोऱ्यांचे किल्ले ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराच्या अझुची किल्ल्यापासून, म्हणजे 1576 पासून पुढे, रूढ झाले. तुमच्या गेममध्ये दोन्ही ठेवा. मातीच्या किल्ल्यात गोब्लिन रात्री भुयार खणू शकतो, दगडी किल्ल्यात नाही. शत्रूची ताकद वाढते आहे हे हिट पॉइंट न वाढवता असं दाखवता येतं. गनिमी कावा तुमच्या डोक्यात आहेच, तो असू द्या, पण उदाहरणं तिथली घ्या. कुसुनोकी मासाशिगे या योद्ध्याने 1331 साली आकासाका किल्ल्यावर आणि 1333 साली चिहाया किल्ल्यावर मूठभर लोकांनिशी प्रचंड फौज झुलवली. युद्धकथांत त्याचे डाव वर्णिलेले आहेत: तटाबाहेर दोरांनी टांगलेली खोटी भिंत, शत्रू चढला की दोर कापायचे, वरून उकळतं पाणी, गवताच्या बाहुल्यांना चिलखतं घालून पहाटे उभं करायचं आणि शत्रू जवळ आला की दगड लोटायचे. आकासाका पडायची वेळ आली तेव्हा आत चिता रचून आपण मेलो असं भासवून तो निसटला. मला यातला शेवटचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. तुमच्या गेममध्ये माघार हा पराभव मोजू नका. ठरावीक माल घेऊन ठरावीक गोब्लिन पटाबाहेर गेले की मोहीम फत्ते. पटावर उभा असलेला शेवटचा शत्रू मारण्याची अट एकाही मॅपवर ठेवू नका.

जादूचं काय? इथे बहुतेक जण अग्नी-जल-वायूचा तयार तक्ता उचलतात. जपानी लोकसमजुतींत त्याहून सरस सामान पडलं आहे आणि ते पटाच्या घरांमध्ये थेट बसतं. सेत्सुबुनला, म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीला, भाजलेले सोयाबीनचे दाणे फेकून ओनींना, म्हणजे जपानी राक्षसांना, घराबाहेर काढतात. शेतकऱ्याच्या म्हातारीच्या हातातलं ते शस्त्र आहे: जखम करत नाही, पण गोब्लिनला दोन घरं मागे ढकलतं. दाराला काटेरी पानांची हिइरागीची फांदी आणि तिच्यावर सार्डीन माशाचं डोकं लावतात. काटे डोळ्यांत जातात आणि वासाने ओनी पळतात, अशी समजूत. हे घर गोब्लिनला ओलांडता येत नाही, पण मांजर सोडलं तर? मासा गेला की अर्धं कवच गेलं. काप्पा या पाणभुताच्या डोक्यावरच्या खळग्यात पाणी असतं, समोरच्याने वाकून नमस्कार केला की सभ्यपणाने तोही वाकतो आणि पाणी सांडून दुबळा होतो. म्हणजे नमस्कार ही हल्ल्याची क्रिया झाली! जुनी टाकलेली अवजारं शंभर वर्षांनी जिवंत होतात, त्यांना त्सुकुमोगामी म्हणतात. लुटीतली फुटकी छत्री विकायची की टोळीत ठेवून तिला "म्हातारी" होऊ द्यायचं, यावर अख्खी भरतीची पद्धत उभी राहते.

यात सगळ्यांत मोठं घबाड दिशेचं आहे. जपानी समजुतीत ईशान्य म्हणजे किमोन, भुतांचं दार. आपल्याकडे ईशान्येला देवघर करतात, तिथे नेमकं उलट, त्यामुळे मराठी खेळाडूला हे पहिल्याच मॅपवर कोणाच्या तरी तोंडून सांगा, नाहीतर गोंधळ होईल. क्योतोच्या राजवाड्याच्या भिंतीचा ईशान्य कोपरा मुद्दाम आत कापलेला आहे, म्हणजे कोपराच राहिला नाही, आणि तिथे छपराखाली राखणीला माकडाची कोरीव मूर्ती बसवली आहे. शहराच्या ईशान्येला हिएइ पर्वतावर एन्ऱ्याकुजी मठ आहे. तोही या दाराचा राखणदार मानला गेला. नियम सरळ आहे: गोब्लिन पटावर फक्त ईशान्य बाजूने येऊ शकतात आणि शत्रूही ते जाणतो. मग प्रत्येक मॅप बनवताना तुमचा पहिला प्रश्न ठरलेला: या गावाने ईशान्येला काय ठेवलं आहे?

1571 साली नोबुनागाच्या फौजेने हाच एन्ऱ्याकुजी जाळला. मठाने त्याच्या शत्रूंची, आसाकुरा आणि आझाई यांची, बाजू घेतली होती. तुमच्या कथेला याहून चांगला आरंभ मिळणार नाही. शतकानुशतकं दार अडवून बसलेला राखणदार माणसांनीच संपवला आणि डोंगरापलीकडे भुकेने बसलेल्या टोळीला पहिल्यांदा वाट मोकळी झाली. त्या जाळपोळीत भिक्षूंबरोबर बायका-मुलंही मेली, तेव्हा तो प्रसंग विनोदात काढू नका. टोळी राखेतून चालत जाते, एवढं दाखवा आणि पुढे सरका. काल्पनिक नावं वापरायची असली तरी कारणांची ही साखळी तशीच ठेवा, ती कुठल्याही अंधारातल्या महाराक्षसापेक्षा मजबूत आहे.

गोब्लिन दिसावेत कसे, हेही विचारलंय. पाश्चात्य लांब कानाचा नमुना सोडा. जपानी बौद्ध मंदिरांत चार दिक्पालांच्या पायाखाली चिरडलेली छोटी भुतं असतात. नाराच्या होर्युजीतली सातव्या शतकातली बघा. त्यांच्या चेहऱ्यावर राग कमी आणि ओझं उचलणाऱ्याची निमूट वैतागलेली कळा जास्त. कोफुकुजीत तर 1215 साली कोबेनने घडवलेला र्युतोकी आहे, डोक्यावर कंदील तोलणारा, बुटका, पोट सुटलेला, भुवया चढवून वर बघणारा. पायाखालून सुटलेला हाच माझ्या मते तुमचा नायक. टोळीचा दृष्टिकोन हवा असेल तर ओए पर्वतावरच्या शुतेन-दोजी या ओनींच्या म्होरक्याची कथा त्याच्या बाजूने वाचा. राइको या सरदाराचे योद्धे यात्रेकरू साधूंच्या वेषात आले, शुतेन-दोजीने पाहुणचार केला, त्यांनी दारूतून विष पाजून त्याचं डोकं उडवलं. आम्ही असा दगा करत नाही, असं तो मरताना सुनावतो. तुमचे गोब्लिन माणसांबद्दल रात्री शेकोटीपाशी काय बोलत असतील, ते यातून येईल.

मरणाबद्दल थोडकं. गोब्लिन स्वस्त आहेत म्हणून वीस-वीस मरू दिले तर खेळाडूला कोणाचंच काही वाटणार नाही, आणि एकही मरत नसेल तर दुबळेपणा खोटा. दहा-बाराची टोळी ठेवा, प्रत्येकाला नाव द्या, मेलेला परत येत नाही, पण त्याची वस्तू उचलणाऱ्याला त्याची एक खोड मिळते. हरलेल्या सामुराईंना पळताना गाठून गावकरी लुटत असत. आकेची मित्सुहिदेसारख्या सरदाराचा शेवटही 1582 मध्ये गावकऱ्यांच्या हातून झाला असं सांगतात. लढाई संपल्यावरचा तो तास एक वेगळा छोटा मॅप करा: पळणारा जखमी योद्धा, एका बाजूने गावकरी, दुसऱ्या बाजूने तुम्ही, चिलखत एकच.

संवाद मराठीत ठेवणार आहात म्हणून शेवटी तेही. गोब्लिनांच्या तोंडी मालवणी किंवा वऱ्हाडी घालून हशा मिळवायचा मोह होईल, तो टाळा. ज्याची ती बोली आहे तो खेळाडू दुसऱ्या मॅपला गेम बंद करेल आणि बरोबर करेल. आपसात अरे-तुरे, वाक्यं तोकडी, मोजमाप नेहमी पोटाचं: "दोन पोतडी लांब" म्हणजे दोन पोतडी खाऊन संपेपर्यंत चालायचं अंतर. सामुराई अहो-जाहो करतील, आपल्या घराण्याचं नाव सांगितल्याशिवाय तलवार काढणार नाहीत आणि त्यात त्यांचा टर्न जाईल. तांत्रिक बाजूला, गेम बनवायला गोडो हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर चौथ्या आवृत्तीवरच या, तिसरीत देवनागरी जोडाक्षरं नीट जुळत नाहीत. युनिटी या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या टेक्स्टमेशप्रो या मजकूर दाखवणाऱ्या भागातही मूळ सोयीने ती तुटतात, वेगळं प्लगिन लागतं. "र्यु" आणि "एन्ऱ्याकुजी" ही दोन नावं फाँटमध्ये टाकून बघा, तिथे टिकला तो फाँट बाकी सगळीकडे टिकेल. आणि हे सगळं कोडमध्ये घालण्याआधी चौकटीच्या वहीवर दहा बाय बाराचं एक कोठार काढा, सहा बटणं गोब्लिन, एक रुपया घोडेस्वार, चार काड्या भालेवाले, ईशान्येला हिइरागीचं एक घर. टीमबाहेरच्या कोणाला तरी बसवा आणि नियम सांगून झाल्यावर तोंड बंद ठेवा.